शेवाळ मारले तरी तळ्यातच राहते

बागेत नव्याने केलेल्या तळ्याचे पाणी पहिले आठ-दहा दिवस इतके नितळ असते की तळाचे खडे मोजता यावेत. त्यानंतर ते हिरवट होऊ लागते, आणखी आठवडाभरात मासे दिसेनासे होतात, आणि मग बहुतेक जण सगळे पाणी उपसून, कडा आणि तळ घासून, तळे पुन्हा नळाच्या पाण्याने भरतात. दोन-तीन आठवड्यांत हिरवा रंग परत येतो आणि पुष्कळदा तो आधीपेक्षा गडद असतो. ही मेहनत का वाया जाते हे नीट समजले, की दिवे, औषधे, पेंढा, पाणवनस्पती अशा सगळ्या उपायांचे खरे मोल आपले आपल्याला ठरवता येते. म्हणून उपायांकडे वळण्याआधी कारणापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे.

शेवाळ कशाचे बनते

शेवाळाला वाढीसाठी पाणी, ऊन, कार्बन डायऑक्साइड आणि काही खनिजे लागतात. पहिल्या तीन गोष्टी उघड्यावरच्या तळ्यात सहसा कमी पडत नाहीत. खनिजांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस ही दोन मूलद्रव्ये निर्णायक असतात, आणि गोड्या पाण्यात त्यांतलाही फॉस्फरस सर्वांत तुटपुंजा असल्यामुळे वाढ कुठे थांबणार हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. अमेरिकी सागरशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली असे दाखवून दिले की समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात या मूलद्रव्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. पुढे ते प्रमाण अणूंच्या संख्येत कार्बन १०६, नायट्रोजन १६ आणि फॉस्फरस १ असे मांडले जाऊ लागले. याचा सरळ अर्थ असा की फॉस्फरसचा एकेक अणू मिळाला की त्याच्या आधारावर कार्बनचे शंभराहून अधिक अणू शेवाळाच्या शरीरात बांधले जाऊ शकतात.

ही गोष्ट प्रत्यक्ष पाण्यात किती ठळकपणे दिसते, हे कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ साली झालेल्या एका प्रयोगातून जगाला कळले. डेव्हिड शिंडलर यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी '२२६ क्रमांकाचे सरोवर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मध्ये चिंचोळ्या होत गेलेल्या एका लहान सरोवरात पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, मात्र फॉस्फरस फक्त एका भागात घातला. तो भाग काही आठवड्यांत हिरवागार झाला, तर पडद्यापलीकडचे पाणी जवळजवळ पूर्वीसारखेच राहिले. आकाशातून घेतलेल्या त्या सरोवराच्या छायाचित्रात पडद्याची रेघ अगदी स्पष्ट दिसते. नायट्रोजन तोडून शेवाळ आवरता येईल असे कोणाला वाटत असेल, तर निळ्या-हिरव्या शेवाळाचे काही प्रकार हवेतील नायट्रोजन स्वतःच बांधून घेतात हे ध्यानात ठेवावे. फॉस्फरसच्या बाबतीत अशी पळवाट कोणत्याही शेवाळाला उपलब्ध नाही, कारण हवेत घेण्याजोगा फॉस्फरस नसतोच.

आता हाच हिशोब घरच्या तळ्याला लावून पाहू. माशांच्या तयार खाद्यात फॉस्फरसचे प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास असते, आणि शेवाळाच्या कोरड्या वजनातही ते ढोबळमानाने तेवढेच असते. ओल्या शेवाळात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे रोज १० ग्रॅम खाद्य टाकले तर दहा दिवसांत १०० ग्रॅम खाद्याबरोबर १ ग्रॅम फॉस्फरस तळ्यात येतो, आणि तो सगळा शेवाळाला मिळाला तर त्यातून जवळजवळ १ किलो ओले शेवाळ तयार होऊ शकते. प्रत्यक्षात त्यातला काही भाग माशांच्या हाडामांसात जातो, काही गाळात बसतो. पण पूर्ण वाढ झालेले मासे खाल्लेल्या फॉस्फरसपैकी बराचसा पुन्हा पाण्यातच सोडतात.

फॉस्फरस कधी वायू होऊन उडून जात नाही. तळ्यात आलेला फॉस्फरस पाण्यात विरघळलेला, शेवाळात बांधलेला, इतर वनस्पतींत साठलेला किंवा गाळात अडकलेला असतो. कोणी तरी तो हाताने, जाळीने वा नळीने बाहेर काढीपर्यंत तो तळ्यातच फिरत राहतो. औषध टाकून शेवाळ मारले की ते तळाशी जाऊन कुजते, त्यातील फॉस्फरस पुन्हा विरघळतो आणि पुढच्या पिढीचे शेवाळ त्यावरच वाढते. बाजारातील कोणताही उपाय पारखताना एकच प्रश्न विचारावा असे माझे मत आहे: या उपायाने तळ्यातून काही बाहेर जाते का, किंवा आत येणारे काही कमी होते का? दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर तो उपाय तात्पुरता आहे, मग त्याची जाहिरात कशीही असो.

पाणी उपसण्याचा उपाय का फसतो, हेही यातूनच कळते. जुन्या पाण्याबरोबर काही खनिजे निश्चित बाहेर जातात, पण नळाच्या पाण्याबरोबर नायट्रेट आणि कधी कधी फॉस्फेटही आत येते. कित्येक ठिकाणी जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठा करणारेच त्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. शिवाय घासण्यामुळे कडांवरचे उपयोगी जिवाणू, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव आणि नुकती मूळ धरणारी रोपे नाहीशी होतात. मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी वाढते ते शेवाळच. एकपेशीय हिरवे शेवाळ अनुकूल परिस्थितीत दिवसाला एकदा दुप्पट होऊ शकते, आणि रोज दुप्पट होणारी गोष्ट दहा दिवसांत हजारपट होते.

आपल्या तळ्यात नेमके कोणते शेवाळ आहे

शेवाळ हा एकच जीव नाही, आणि एका प्रकारावर चालणारा उपाय दुसऱ्यावर अजिबात चालत नाही. पाणी हिरव्या सरबतासारखे दिसत असेल, पेल्यात घेतले तरी हिरवटच राहत असेल आणि हाताला काही लागत नसेल, तर ते तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळामुळे असते. क्लोरेला हे त्याचे परिचित उदाहरण. पाणी नितळ असून त्यात हिरव्या केसांसारखे पुंजके, दगडांवर लांब झिपऱ्या किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांनी फुगलेल्या गाद्या दिसत असतील, तर ते तंतुमय शेवाळ होय. शाळेच्या पुस्तकातले स्पायरोगायरा याच गटातले. गंमत अशी की एकपेशीय शेवाळ हटवून पाणी नितळ केले की ऊन खोलवर पोहोचते आणि पुष्कळ तळ्यांत तंतुमय शेवाळ डोके वर काढते. आपले काही चुकले असे वाटून तेव्हा निराश होण्याचे कारण नाही. उरलेली खनिजे दुसऱ्या कोणी तरी घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा प्रकार म्हणजे कडांवर, अस्तरावर आणि दगडांवर बसणारा मखमलीसारखा आखूड हिरवा थर. तो घासू नये. त्यात शेवाळाबरोबर असंख्य जिवाणू राहतात, गोगलगायी आणि मासे त्यावर चरतात, आणि पाण्यातील खनिजे तो सतत शोषून घेत असतो. तळ्याचा तो एक प्रकारे फुकटचा फिल्टर आहे.

चौथा प्रकार निळे-हिरवे शेवाळ. नावात शेवाळ असले तरी हे खरे पाहता सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. उन्हाळ्यात, स्थिर आणि कोमट पाण्यावर सांडलेल्या रंगासारखी साय दिसणे, वाऱ्याच्या दिशेच्या काठाला ती साचणे आणि कुबट वास येणे ही त्यांची लक्षणे. काडीने ढवळून पाहिल्यास तंतुमय शेवाळ काडीला गुंडाळले जाते, तर ही साय ढवळताच फुटून पसरते. मायक्रोसिस्टिससारख्या काही प्रकारांत यकृताला अपाय करणारी विषे तयार होतात आणि असे पाणी प्यायल्याने कुत्री दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. अशी साय दिसल्यास मुलांना व पाळीव प्राण्यांना तळ्यापासून दूर ठेवावे, ती हातमोजे घालून काढावी, आणि पाणी भाजीच्या वाफ्याला घालू नये. तिच्यावर मारक औषध टाकणे विशेष धोक्याचे आहे, कारण पेशी फुटल्या की आतील विष एकदम पाण्यात उतरते.

दिवसा आणि रात्री पाण्यात काय घडते

शेवाळामुळे मासे का मरतात, याबद्दल बराच गैरसमज आहे. साधे हिरवे शेवाळ स्वतः विषारी नसते. त्रास होतो तो त्याच्या श्वसनामुळे आणि त्याच्या मृत्यूमुळे. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र ते माशांप्रमाणेच ऑक्सिजन वापरते. त्यातच पाणी जितके गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. म्हणून दाट हिरव्या तळ्यात पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास, ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात. ज्यांचे तळे हिरवे आहे त्यांनी पंप किंवा कारंजे रात्री बंद करण्याची सवय आधी सोडावी. वीज वाचवायचीच असेल तर ते भर दुपारी बंद ठेवलेले परवडते.

दुपारची गोष्ट वेगळी. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने शोषत असल्यामुळे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढत जातो. सकाळी साडेसात असलेला पीएच संध्याकाळी ९ च्या वर गेलेला आढळू शकतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातले विषारी रूप पीएचबरोबर वाढते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, ८ ला सुमारे ५ टक्के, तर ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. अमोनियाचे प्रमाण तेच राहूनही सकाळी सुखरूप असलेले मासे संध्याकाळी का तळमळतात, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. पाण्याची तपासणी करायची असल्यास ती सकाळी आणि संध्याकाळी अशी दोन वेळा करावी. एकाच वेळेचा आकडा फसवा असतो.

आणि आता मृत्यू. दाट वाढलेले शेवाळ औषधाने एका दिवसात मेले, तर ते कुजवणारे जिवाणू तळ्यातला ऑक्सिजन काही तासांत संपवू शकतात. औषध टाकल्यानंतर मासे मेले की दोष औषधाच्या विषाला दिला जातो. बऱ्याच वेळा ते गुदमरून गेलेले असतात.

आत येणारे कमी करणे

सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज आवरता येणारा स्रोत म्हणजे माशांचे खाद्य. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य टाकावे, उरलेले जाळीने लगेच काढून घ्यावे, आणि थंडीत मासे सुस्तावले की खाद्य कमी करत जावे. चांगल्या वनस्पती असलेल्या तळ्यात थोड्या माशांना दिवसाआड खाद्य दिले तरी ते उपाशी राहत नाहीत. पाण्यातील किडे, अळ्या आणि शेवाळ ते खातच असतात. 'शेवाळ खाणारे मासे आणा' हा सल्लाही याच हिशोबाने पारखावा. मासा शेवाळ खातो तेव्हा त्यातील फॉस्फरस त्याच्या विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतो. त्यातच गोल्डफिश आणि कोई हे गाळ उकरणारे मासे असल्याने तळाशी बसलेली खनिजेही ते वर आणतात. तळे सतत हिरवे राहत असेल, तर मासे वाढवण्याऐवजी कमी करण्याचा विचार करावा.

दुसरा स्रोत बागेचा. तळ्याची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा काही सेंटिमीटर उंच नसेल, तर प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर वाफ्यातील खत आणि माती सरळ तळ्यात उतरते, आणि मग बाकीचे सगळे उपाय निष्फळ ठरतात. कड उंच करणे हे एकदाच करायचे काम आहे. माझ्या अनुभवात शेवाळ आवरण्याच्या कामांत इतक्या थोड्या श्रमात इतका लाभ दुसऱ्या कशाने होत नाही. तळ्यातील कुंड्यांत बागेची खतावलेली माती किंवा शेणखत भरू नये. चिकणमाती किंवा वाळूमिश्रित, कस नसलेली माती घेऊन वर बारीक खड्यांचा थर द्यावा. झाडाखाली तळे असेल तर पानगळीच्या दिवसांत वर जाळी ताणावी, कारण बुडालेले पान हे पाण्यात घातलेले खतच असते.

तिसऱ्या स्रोताकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही, तो म्हणजे बाष्पीभवनाची भरपाई. समजा तळे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सरासरी ६० सेंटिमीटर खोल आहे. त्यात ३,६०० लिटर पाणी मावते आणि त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर आहे. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी उडाले तर रोज ३० लिटर पाणी घालावे लागते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. त्यातली खनिजे मागे राहतात. चार महिन्यांत आपण ३,६०० लिटर, म्हणजे आणखी एक अख्खे तळे भरेल एवढे नळाचे पाणी ओततो आणि त्यातली सगळी खनिजे तळ्यात साठवतो. स्वच्छ छपरावरून साठवलेले पावसाचे पाणी यासाठी वापरता आले तर उत्तम. मात्र ते फार मृदू असल्याने पीएच पटकन वरखाली होऊ शकतो, म्हणून ते थोडे थोडे घालावे. नळाचेच पाणी घालायचे असेल तर त्यातील क्लोरीनची काळजी घ्यावी लागते. साधा क्लोरीन पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवल्यास निघून जातो. काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला वापरले जाणारे क्लोरामाइन मात्र तसे जात नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारे द्रावणच वापरावे लागते.

आतले बाहेर काढणे

तंतुमय शेवाळ हाताने काढणे हे काम कष्टाचे आणि जुन्या पद्धतीचे वाटते, पण जमाखर्चाच्या दृष्टीने ते सर्वांत प्रामाणिक आहे. एखादी खरखरीत काठी किंवा बाटली घासायचा लांब ब्रश पुंजक्यात घालून फिरवला की शेवाळ सुताच्या लडीसारखे गुंडाळले जाते. काढलेला गोळा पाण्यात एकदा हलकेच झटकावा आणि रात्रभर काठावरच ठेवावा, म्हणजे त्यात अडकलेल्या चतुराच्या अळ्या, गोगलगायी आणि इतर जीव पाण्यात परततात. दुसऱ्या दिवशी तो कंपोस्टात टाकावा. ज्या फॉस्फरसने तळे हिरवे झाले होते तो अशा रीतीने तळ्याबाहेर जातो आणि बागेच्या उपयोगी पडतो.

हेच काम वनस्पती अधिक शांतपणे करतात. काठाच्या उथळ पाण्यात कर्दळ, वेखंड, लव्हाळे. पाण्याखाली हायड्रिला, हॉर्नवर्ट किंवा व्हॅलिस्नेरिया. आणि वर तरंगणारी पाने असलेली कमळे किंवा कुमुदिनी, असे तिन्ही थर तळ्यात असावेत. पाण्याखालच्या आणि मुळे मोकळी सोडून तरंगणाऱ्या वनस्पती खनिजे थेट पाण्यातून घेतात, त्यामुळे शेवाळाशी त्यांची सरळ स्पर्धा असते. कुंडीतले कमळ बहुतांशी मातीतून खाते. त्याचा उपयोग मुख्यतः सावलीसाठी. पृष्ठभागाचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग पानांनी झाकला जाईल असे पाहावे. त्याहून कमी सावली फारशी उपयोगी पडत नाही, आणि त्याहून पुष्कळ जास्त झाली तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो.

इथे दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिली, वनस्पती नुसत्या लावून भागत नाही, त्यांची कापणी करावी लागते. वाढलेला भाग नियमित कापून बाहेर नेला तरच शोषलेली खनिजे बाहेर जातात. पिवळी पाने पाण्यातच कुजू दिली तर सगळे श्रम व्यर्थ जातात. दुसरी, जलपर्णी खनिजे शोषण्यात अत्यंत तरबेज असली तरी ती अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती जगभरच्या नद्या-तलावांवर पसरून बसली आहे आणि कित्येक देशांत तिच्या विक्रीला बंदी आहे. परवानगी असेल तिथे वापरली तरी तिचा एकही तुकडा ओढ्यात, गटारात किंवा तलावात जाऊ देऊ नये. काढलेले रोप कोरडे करूनच कंपोस्टात टाकावे.

तळाच्या गाळाचा विचार शेवटी येतो, पण जुन्या तळ्यात तोच मुख्य असतो. गाळातील लोहाला फॉस्फरस चिकटून राहतो, तो तिथे ऑक्सिजन आहे तोवर. तळाशी ऑक्सिजन संपला की ती पकड सुटते आणि वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस पाण्यात येऊ लागतो. बाहेरून येणारे सगळे थांबवूनही एखादे जुने तळे उन्हाळ्यात हिरवे होते ते यामुळे. नळीने गाळ ओढून काढावा, मात्र एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको. गाळातही जीवसृष्टी असते आणि सगळा गाळ एकदम ढवळला गेला तर पाणी बिघडते. हवेचे बुडबुडे सोडणारा दगड तळाजवळ ठेवल्यास खालपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो.

यंत्रे आणि औषधे

पंप असा निवडावा की तळ्यातील सगळे पाणी एक-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरेल. फिल्टरमधील स्पंजावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नवे तळे सुरुवातीला हमखास हिरवे होते त्यामागे हेही एक कारण आहे. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने ती वसाहत मरते. तो तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत पिळावा. नायट्रेट हेही शेवाळाचे अन्नच आहे, म्हणून नुसत्या फिल्टरने माशांचे रक्षण होते, शेवाळाचे नियंत्रण होत नाही.

अतिनील दिवा, म्हणजे यूव्ही क्लॅरिफायर, हा हिरव्या पाण्यावरचा खात्रीचा उपाय आहे. पंपातून येणारे पाणी सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांसमोरून जाते, एकपेशीय शेवाळाची अंतर्गत रचना बिघडते, मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टर वेळेवर धुतला तर त्यांच्यातील खनिजेही बाहेर जातात. न धुतल्यास ती परत तळ्यात. दगडावर चिकटलेले तंतुमय शेवाळ दिव्यासमोरून कधी जातच नाही, म्हणून त्यावर याचा परिणाम शून्य. दिवा वर्षभरानंतरही निळसर पेटलेला दिसतो, पण तोवर त्याची अतिनील किरणे बरीच क्षीण झालेली असतात. तो वर्षातून एकदा बदलावा आणि त्याभोवतीची काचेची नळी अधूनमधून पुसावी. पेटत्या दिव्याकडे थेट पाहू नये.

बार्लीचा, म्हणजे सातूचा, पेंढा जाळीच्या पिशवीत सैल भरून पृष्ठभागाजवळ टांगण्याची पद्धत पाश्चात्त्य बागांमध्ये रूढ आहे. पेंढा प्राणवायूयुक्त पाण्यात कुजताना तयार होणारी द्रव्ये नव्या शेवाळाची वाढ रोखतात असे मानले जाते. असलेले शेवाळ त्याने मरत नाही. प्रयोगांतून मिळालेले निकाल संमिश्र आहेत. दर चौरस मीटरला २५ ते ५० ग्रॅम, तोही शेवाळाच्या हंगामाच्या महिनाभर आधी, एवढी मर्यादा पाळली तर अपाय नाही. भारेच्या भारे टाकले तर मात्र कुजण्यात ऑक्सिजन खर्ची पडतो.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, शेवाळ नक्की मारते. पण मृदू पाण्यात तेच तांबे माशांना आणि गोगलगायींना मारते, आणि ते गाळात साठून राहते. बागेतील लहान तळ्यात ते वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुरटी फॉस्फरसला बांधून तळाशी बसवते हे खरे असले, तरी ती पाण्याचा पीएच खाली आणते आणि आम्लधर्मी पाण्यातील ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करते. मोजमापाशिवाय मूठभर तुरटी टाकणे योग्य नाही. याच कामासाठी ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने लँथॅनम हे मूलद्रव्य बेंटोनाइट मातीत बसवून एक पदार्थ विकसित केला. लँथॅनम फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते आणि तळाशी ऑक्सिजन नसला तरी सोडत नाही. अशी फॉस्फेट बांधणारी उत्पादने वापरायची असतील, तर तळ्याचे आकारमान मोजून, सांगितलेल्या मात्रेतच वापरावीत. कोणतेही शेवाळनाशक टाकणे अटळच झाले, तर आधी हाताने निघेल तेवढे शेवाळ काढावे, एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या भागापुरतीच मात्रा द्यावी, आणि पुढचे दोन-तीन दिवस पंप अखंड चालू ठेवावा.

वाट किती पाहायची

मासे नसलेल्या किंवा फार थोडे मासे असलेल्या तळ्यात पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, आपोआप येतात आणि हिरवे पाणी गाळून पितात. अशी तळी एखाद्या आठवड्यात अचानक नितळ होताना दिसतात. मासे असलेल्या तळ्यात पाणपिसूंना लपायला पाण्याखालच्या दाट वनस्पती लागतात, नाही तर मासे त्यांना संपवतात. काठावरची आणि पाण्याखालची रोपे नीट रुजून वरच्या पानांची सावली पुरेशी व्हायला एक पूर्ण हंगाम लागतो, म्हणून पहिल्या वर्षी हिरव्या पाण्याचा एखादा काळ येणारच हे गृहीत धरावे.

प्रगती डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून मोजली होती. घरी पांढऱ्या बशीने तेच करता येते. बशीला दोरी बांधून ती पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली दर आठवड्याला, दिवसाच्या एकाच वेळी, वहीत लिहून ठेवावी. बशी २० सेंटिमीटरलाच दिसेनाशी होत असेल तर खाद्य थांबवून पंप रात्रभर चालू ठेवावा. ४० ते ५० सेंटिमीटरपर्यंत ती दिसत असेल, तर पाणी हिरवट असले तरी माशांना धोका नाही आणि घाईने काही टाकण्याची गरज नाही. आकडा आठवड्यागणिक दोन-दोन सेंटिमीटरने जरी वाढत असला, तरी चालू आहे तेच चालू ठेवावे आणि कडांवरचा मखमली थर तसाच राहू द्यावा.